पार्सल कुणी घेतलं?

आधीच सांगते, भूतखेत मी मानत नाही. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरात वाढलेय, आमच्याकडे साधं लिंबू-मिरचीसुद्धा कुणी टांगलं नाही. संशयी मात्र आहे, पण माणसांबद्दल!

लहान मुलींचे जीन्सचे फ्रॉक मी ऑनलाइन विकते. परत येणाऱ्या मालासाठी पार्सलवर पत्ता छापावा लागतो. बदलापूरला हेंद्रेपाड्यातला घरचा पत्ता मला नको होता. माझी ऋतुजा सातवीत, दुपारी शाळेतून येते आणि संध्याकाळपर्यंत एकटीच असते. कुणीही पत्ता वाचून दारात यायचं... नकोच ते.

म्हणून उल्हासनगर कॅम्प तीनला, मनोहरभाई नावाच्या सिंधी दुकानदाराच्या दुकानामागचा छोटा गाळा भाड्याने घेतला. कुलूप माझं, किल्ली एकच. पार्सल आलं की ओटीपी माझ्या मोबाइलवर येणार, मनोहरभाई फोन करणार, मी नंबर सांगणार आणि ते पार्सल आपल्या दुकानात ठेवून घेणार, असं ठरलं होतं.

एकदा फोन आलाच नाही, थेट ‘डिलिव्हर्ड’ असा मेसेज आला. तशीच कॅम्पात गेले. कुलूप जागेवर होतं. शटर वर केलं, तर पार्सल आत!

कुरियरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “मॅडम, आपकी अम्मा ने लिया ना. शटर आधा खुला था. ओटीपी भी उन्होंने ही बताया.”

माझी आई चामटोलीला असते. गुडघ्यांमुळे तिला घराचा ओटासुद्धा उतरवत नाही.

मी सरळ मनोहरभाईंवर घसरले. दुसरी किल्ली त्यांच्याशिवाय कोण करून घेणार? ते बिचारे हात जोडून म्हणाले, “बेटा, तेरे फ्रॉक का मैं क्या करूँगा?” माझा विश्वास बसला नाही. कुलूप बदललं. पुढचं पार्सल येणार त्या दिवशी मोबाइल बंद करून कपाटात ठेवला.

तरीही पार्सल आतच!

कुरियरवाल्याला गाठलं. “दिसते कशी ती बाई?”

“अंधेरे में बैठती है, ठीक से दिखा नहीं. हर बार एक ही बात पूछती है... बेबी स्कूल से आ गई क्या, अकेली होगी.”

मला मुलगी आहे हे कॅम्पात कुणालाच माहीत नव्हतं. मनोहरभाईंनासुद्धा नाही.

त्याच दिवशी गाळा सोडला आणि अंबरनाथला मैत्रिणीच्या पार्लरचा पत्ता दिला. इथला कुरियरवाला वेगळा, मराठी. पहिलं पार्सल आलं त्या दुपारी मी डोंबिवलीत होते आणि पार्लर बंद होतं. त्याचा फोन आला, “ताई, पार्सल तुमच्या आईंकडे दिलंय. त्यांनी निरोप सांगितलाय, पोरगी आत्ताच घरी पोचली म्हणून.”

लगेच ऋतुजाच्या मोबाइलवर फोन लावला.

“अगं आई, आत्ता दार उघडतेय,” ऋतुजा म्हणाली. “चप्पल तरी काढू दे!”

तेव्हापासून धंदा बंद आहे. दुपारी मी घरीच असते. ती जी कोण आहे, ती माझ्या लेकीची काळजी घेते की तिच्यावर पाळत ठेवते, हे मला अजून कळलेलं नाही. कुणाला काही सुचत असेल तर इथेच लिहा. फक्त माझा पत्ता मागू नका.