बाहेर काय येणार ते नीट लिहा

आमची थोरली लहानपणापासून हट्टी. बाईंनी फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलं, तर ते पुसलं जाईपर्यंत वहीत उतरवायची नाही. मी म्हणायचे, अगं, लिही आणि मोकळी हो! पण ऐकेल तर शपथ.

आता चाळिशी उलटली तरी तेच. दिवसभर कंपनीची नोकरी आणि उरलेल्या वेळात फुकट फौजदारी. आकडेमोडीची एक लायब्ररी आहे. पुस्तकांची नव्हे हो, प्रोग्रॅमची! कुणीही वापरावी, कुणीही दुरुस्ती सुचवावी. तिच्यातल्या प्रत्येक फंक्शनवर, म्हणजे एकेक हिशेब करणाऱ्या तुकड्यावर, एक टीप असते: आत काय घालायचं, बाहेर काय येणार. ती टीप वाचून तपासणीचा प्रोग्रॅम आधीच सांगतो की बाबा, इथे गडबड आहे. आमच्या बाईसाहेब या टिपा सुधारत बसतात.

सरासरी काढणाऱ्या फंक्शनवर घोडं अडलं. टीप म्हणे, बाहेर नेहमी एकच आकडा येणार. पण अख्खा तक्ता देऊन प्रत्येक स्तंभाची सरासरी मागितली की यायची आकड्यांची रांग. टिपेवर विसंबणाऱ्यांचा प्रोग्रॅम चालता चालता आपटायचा. जाणकार आपल्या प्रोग्रॅममधल्या त्या ओळीपुढे ‘इकडे दुर्लक्ष कर’ असा शेरा मारून तपासणीचं तोंड बंद करायचे. लायब्ररीचा प्रमुख, मी त्याला दाढीवाला म्हणते, त्याच्या स्वतःच्या कामातही तोच शेरा!

हिने दोन्ही प्रकारांसाठी दोन वेगळ्या टिपा लिहून पाठवल्या. दाढीवाला अडून बसला. म्हणे, लोकांच्या जुन्या कामात तपासणीच्या लाल खुणा उमटतील, सगळे माझ्या नावाने ओरडतील. त्यापेक्षा बाहेर ‘काहीही’ येतं असं लिहा. तसं लिहिलं की तपासणी काही विचारतच नाही.

यात हिची नवी नोकरी अडकली होती. एक संशोधन संस्था हेच काम पगारावर द्यायला तयार होती, फक्त लायब्ररीच्या मुख्य गटात नाव हवं. आणि गटात कुणाला घ्यायचं ते दाढीवाला ठरवणार.

मी चिडले. “एका शब्दाचा तर प्रश्न आहे! घाल की. डोकं फिरलंय का तुझं?”

ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, “आई, औषधभांडारात होतीस तेव्हा बाटलीवर ‘काहीतरी औषध’ अशी चिठ्ठी लावली असतीस?”

नोकरीभर मी बिनचिठ्ठीची बाटली कुणाच्या हातात दिली नाही, त्यापायी मोठमोठ्या डॉक्टरांशी भांडले. हे भूत हिच्या मानगुटीवर कुणी बसवलं ते तेव्हा कळलं.

तेवढ्यात दाढीवाल्याचा व्हिडिओ कॉल आला. खोलीभर त्याचा आवाज. “तुमचं म्हणणं बरोबर आहे हो, पण जरा व्यवहार बघा. आत्ता हो म्हणा, आजच तुमचं नाव गटात घालतो.”

“नाही,” ती म्हणाली. “माझं नाव नको. टीप खरी लिहा.”

“संस्थेतली जागा जाईल.”

“जाऊ दे.”

मी मागे उभी आहे हे त्याला दिसलं. “काकू, तुम्ही तरी समजवा हिला.”

मी खुर्चीच्या पाठीला धरून वाकले आणि थेट कॅमेऱ्यात बघितलं. “ती नाही म्हणाली. तुम्हाला ऐकू आलं नाही का?”

त्याने कॉल बंद केला. तिने पाठवलेली दुरुस्तीही त्याच दिवशी नामंजूर करून बंद केली. संस्थेने कळवलं, क्षमस्व. जागा गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

हिने मात्र आपल्या टिपांचं, लायब्ररीला बाहेरून जोडता येईल असं वेगळं पॅकेज करून सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. ज्याला खरं हवं त्याने घ्यावं. मग चष्मा पुसत म्हणाली, “आई, पुढच्या फंक्शनवरची टीपही खोटी आहे गं.”

“मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस?” मी खुर्ची ओढून शेजारी बसले. “काढ ती समोर.”