भासऱ्यांवर सोडलेलं रॉकेट

माझ्या भासऱ्यांना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, मी पहिल्यांदा मारलं ते एका बोगद्यात. त्यांची गाडी ताशी आठशेच्या वेगानं माझ्यापुढं पळत होती आणि माझ्याकडं एकच रॉकेट उरलं होतं. मी सोडलं. त्यांची गाडी भिंतीवर आदळली, तिथून छताला लागली, मागचा अर्धा भाग तुटून माझ्या काचेवर आला आणि बोगदाभर जाळ झाला. त्या जाळातून मी आरपार निघाले. हेडफोनमधून भासऱ्यांचा आवाज आला, "आज काय खाऊन आलायस बे?" त्यांना वाटलं, खालच्या खोलीत त्यांचा धाकटा भाऊ खेळतोय.

खाली मी होते. डोक्यावर पदर, हातात कंट्रोलर, आणि गॅसवरचं वरण उतू चाललेलं. शर्यत संपली तरी मी कंट्रोलर सोडला नाही. आणखी एकदा मारावं वाटत होतं म्हणून.

खेळ पुढच्या कुठल्यातरी शतकातला. जमिनीला न टेकता वीतभर वरून पळणाऱ्या गाड्या. रस्ता कधी इमारतींच्या मधून, कधी समुद्राच्या पोटातून, कधी आभाळात पार उलटा. नुसतं पुढं जाऊन तिथं भागत नाही. पुढच्याला रॉकेट मारायचं, मागच्यासाठी सुरुंग टाकायचा, शेजारच्याला कठड्यावर घासून फोडायचा. समोरचा जितका फुटेल तितकी तुमच्या गाडीत ताकद भरते, त्यामुळं सभ्यपणानं चालवणारा हमखास शेवटी येतो. मला हा नियम लई आवडायचा. घरात सगळं उलटं होतं.

मी चकलांब्याची. थोरल्या भावाच्या जुन्या कम्प्युटरवर, लाईट असेल तेवढा वेळ, असले खेळ खेळत मोठी झाले. स्वभावानं भांडखोर. माझं तोंड सुटलं की शेजारी दार लावून घ्यायचे. बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर लग्न झालं आणि माजलगावात, पाईप-मोटारीचं दुकान असलेल्या घरात आले. तिथं तोंडाला कुलूप.

सासरची रीत अशी, की भासऱ्यांशी सुनेनं बोलायचं नाही. त्यांच्यासमोर बसायचं नाही, पदर ढळू द्यायचा नाही. त्यांनीही माझ्याशी बोलायचं नाही, माझ्याकडं बघायचं नाही. अंगणात यायच्या आधी ते खाकरायचे, म्हणजे मी आत सरकायचं. मला काही सांगायचं असलं तर ते सासूबाईंकडं तोंड करून बोलायचे, लेकी बोले सुने लागे. मला काही मागायचं असलं तर नवऱ्यामार्फत. आणि नवरा म्हणजे देवमाणूस. थोरल्या भावापुढं त्याला शब्द फुटायचा नाही. (लिहिताना मी त्याला तो म्हणते, समोर 'अहो'च म्हणते.)

भासरे तापट. भाजीत मीठ जास्त झालं की ताट भिंतीवर. पण माझ्यावर हात टाकता येत नाही, शिवी देता येत नाही, मग माझ्या चुकीची चपराक नवऱ्याला. वड्याचं तेल वांग्यावर. लग्न झालेल्या बाप्याला अंगणात कानाखाली वाजवलेली मी दारामागून दोनदा बघितली. दोन्ही वेळा दात इतके आवळले, की संध्याकाळपर्यंत जबडा दुखला.

जाऊबाई मुलांच्या शिकवण्यांसाठी लातूरला राहायच्या. मुलांचे दोन कम्प्युटर इथंच राहिले होते. एक वर भासऱ्यांच्या खोलीत, एक खाली आमच्या. जिन्यातून वायर ओढून दोन्ही जोडलेले. दुपारी दोन तास दुकान बंद असायचं, तेव्हा भासरे जेवून वर जायचे आणि नवऱ्याला खेळायला बसवायचे. नवरा रोज हरायचा. त्याला रॉकेट सोडायचंच जिवावर यायचं. वरून शिव्या यायच्या, त्यांना उत्तर द्यायला नको म्हणून "माझा माईक बिघडलाय" असं त्यानं सांगून टाकलं होतं.

एके दुपारी दुकानापुढं पाईपांचा टेम्पो आला. नवरा कंट्रोलर माझ्या हातात देऊन म्हणाला, "जरा धर गं." तोच तो बोगदा.

त्यानंतर रोज मीच खेळले. नवरा सुटला बिचारा. तो मागच्या दारानं मित्राकडं चहाला जायचा आणि मी दार ओढून बसायचे. सरळ सांगते, मला मारायला आवडायचं. भासऱ्यांची गाडी शेजारी आली की मी तिला कठड्याशी दाबायचे, ठिणग्या उडायच्या, पत्रा सोलून निघायचा, आणि ते वर ओरडायचे. माईक बंद, मग मीही ओरडायचे. "सरक बे! लई माजलास. घे अजून एक." ज्या माणसापुढं मला सावलीसारखं वावरावं लागायचं, त्याला मी रोज दुपारी दहा-दहा वेळा जाळायचे. मग उठून त्याच्यासाठी चहा ठेवायचे आणि कप सासूबाईंच्या हाती द्यायचे.

त्यात एक वेगळीच गोष्ट झाली. भासरे नवऱ्याला मान द्यायला लागले. धाकटा एकदम वाघ झाला असं त्यांना वाटलं. गोदामाच्या किल्ल्या त्याच्याकडं आल्या. गिऱ्हाइकापुढं "ह्याला इचारा" म्हणायला लागले. चार महिन्यांत अंगणात एकदाही चपराक वाजली नाही. नवरा ताठ चालायला लागला. तो मान कुठून आला हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, पण आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

मग कारखान्याचं पत्र आलं. जवळच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये माझी निवड झाली होती. उसाचा रस तपासायचा, त्यात साखर किती ते काढायचं, माझ्या शिक्षणाचंच काम. अर्ज नवऱ्यानंच भरला होता. सोमवारपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर पुढच्या नावाला जागा. मी ते पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटला. मला ती नोकरी पाहिजेच होती.

नवरा भावाला विचारायला गेला. येऊन म्हणाला, "दादा बघू म्हनले."

"कवा बघनार? सोमवार चार दिवसांवर हाय."

"बघू म्हनलेत ना."

तीन दिवस तेच. रविवारी भासरे खुशीत होते. त्यांनी धाकट्यासाठी नवा हेडफोन आणला होता, बक्षीस म्हणून. नवऱ्यानं सकाळीच तो जोडून ठेवला आणि दुपारी नेहमीसारखा चहाला गेला. नव्या हेडफोनचा माईक चालू असणार, हे ना त्याच्या डोक्यात आलं, ना माझ्या. चार महिने आमचं खोटं इतकं बिनबोभाट चाललं होतं, की माईक खरंच बिघडलाय असं आम्हालाही वाटायला लागलं होतं.

शर्यत सुरू झाली. पहिल्याच वळणाला त्यांनी मला मागून ठोकलं आणि कानात म्हणाले, "आन ते कारखान्याचं डोक्यातनं काड. आपल्या घरातली बाई चार गड्यांत जाऊन उभी ऱ्हानार न्हाई. मी त्यांला फोन करून कळिवतो उद्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ब्रेक मारला नाही, वळण घेतलं नाही, सरळ त्यांच्या गाडीवर घातली. दोन्ही गाड्या घासत पुलावर चढल्या. त्यांचा डावा पंख तुटून खाली समुद्रात गेला. मी पुढं सरले आणि सुरुंग टाकला, त्यांनी चुकवला, मी दुसरा टाकला, तो बरोबर पोटाखाली फुटला. गाडी उलटी पालटी होत माझ्या डोक्यावरून पुढं पडली आणि घरंगळत राहिली. "सरक बे," मी ओरडले. "माझा कारखाना आडिवतोस? तुझ्या बापाचा हाय का? घे. आनखी घे." एकामागं एक तीन रॉकेटं. त्यांचं कवच गेलं. आता एक धक्का पुरे होता.

कानात आवाज येईना. नुसता श्वास. त्यांची गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली होती. वर त्यांच्या हातातून कंट्रोलर सुटला असणार.

मला कळलं. माईक चालू होता, त्यांनी माझा आवाज ऐकला होता. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण मी पूर्ण वेगात गेले आणि त्या उभ्या गाडीच्या चिंधड्या केल्या, मगच हेडफोन काढला.

जिन्यात खाकरल्याचा आवाज आला. त्या रागातही ते खाकरले. मी पदर ओढून दाराआड झाले. सासूबाई अंगणात ज्वारी निवडत होत्या. आणि नेमका त्याच वेळी नवरा मागच्या दारानं आत आला.

भासऱ्यांनी त्याची गचांडी धरली. पहिल्या चपराकीला तो हलला, दुसरीला भिंतीवर गेला, तिसरीला त्याचा ओठ फुटला. ज्वारीचं सूप लाथेनं उडालं. "बायकूला बसवून मला येडं बनिवतोस व्हय रे? रोज तीच खेळती का?"

"न्हाई दादा," नवरा तोंडातलं रक्त गिळत म्हणाला. "आजच. मी जरा भायेर गेलतो, म्हनून."

भासऱ्यांचा उचललेला हात थांबला. त्यांना ते पटत होतं. पटवून घ्यायचंच होतं, खरं म्हणजे. एवढ्यावर सगळं मिटलं असतं, हे मला आज कळतं.

मी अंगणात आले. पदर खांद्यावर. दोघांच्या मधे उभी राहिले आणि जन्मात पहिल्यांदा भासऱ्यांच्या डोळ्यांत बघून बोलले. "त्यांला कावून मारताय? आजच न्हाई, चार म्हैने मीच खेळतीय. ह्यांनी तुमाला एकदाबी हरिवलेलं न्हाई. मारायचं असंल तर मला मारा. आन उद्या मी कारखान्यावर जानार हाय."

भासऱ्यांनी मान दुसरीकडं वळवली. बघायचं कुठं ते त्यांना कळत नव्हतं. ते सासूबाईंकडं वळले. "आई, सांग हिला. जमायचं न्हाई."

सासूबाई जमिनीवरची ज्वारी गोळा करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "समोर उभी हाय की. तूच सांग."

त्यांनी तोंड उघडलं. माझ्याशी बोलायचं तर त्यांनाच रीत मोडावी लागणार होती, मी मोडली तशी. सहा वर्षं ज्या रीतीनं माझं तोंड बांधलं होतं, तिनं आता त्यांचं बांधलं. मी वाट बघितली. उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं. जिना चढून वर गेले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी कारखान्याला फोनही केला नाही त्यांनी. असं जिंकणं मला कुठल्या शर्यतीत मिळालं नव्हतं.

मी आत जाऊन फडकं ओलं केलं आणि नवऱ्याच्या ओठाला लावायला बसले. त्यानं माझ्या हातातून फडकं घेतलं, स्वतःच धरलं.

"कारखान्याचं बोललीस ते बेस केलंस," तो म्हणाला. "माझ्यानं झालं नसतं. पन मी 'आजच' म्हनलो हुतो. तेवडं ऱ्हाऊ दिलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

मला मारायची इतकी सवय झाली होती, की माझा फटका कुणाला बसतोय हे मी बघितलंच नव्हतं.

सोमवारी त्यानं मला मोटारसायकलवर कारखान्याच्या फाटकापर्यंत सोडलं. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती, तिच्या कडेनं तो हळू, जपून चालवत होता. मी उतरल्यावर त्यानं डबा माझ्या हातात दिला, गाडी वळवली आणि दुकानाकडं गेला. गोदामाच्या किल्ल्या त्यानं सकाळीच जिन्याच्या पायरीवर ठेवून दिल्या होत्या, कुणी मागायच्या आधी.