कुरुळीचे बगळे आणि माझी रबराची पिशवी

"एकदा कुरुळीला चल," असा नामदेवने महिनाभर लकडा लावला होता. गोष्ट ऐंशीच्या आसपासची. पिंपरीच्या एका कारखान्यात आम्ही दोघं रबराचे वायसर काढायच्या प्रेसवर शेजारी-शेजारी. गुरुवारी वीज बंद, म्हणून सुट्टीही गुरुवारी. त्याच्या सखुआत्याकडे पिठलं-भाकरी खायची आणि संध्याकाळी परत, एवढाच बेत.

रिकाम्या हाताने कसं जायचं? आम्हा कामगारांची ठरलेली भेट म्हणजे रबराची कात्रणं. वायसर छाटून उरलेल्या काळ्या बारीक पट्ट्या कंपनी फेकून द्यायची आणि आम्ही पिशव्या भरभरून गावोगाव पोचवायचो. चूल पेटवायला रॉकेलपेक्षा सरस! आत्यांना तर मी वर्षभर नामदेवच्या हाती पाठवत होतो.

भरलेली पिशवी हँडलला अडकवून सायकली काढल्या, भोसरी मागे टाकली. मोशीला चहा आणि गरम भजी. दोघांचं मिळून रुपयात भागलं. इंद्रायणीचा पूल ओलांडला की वस्ती विरळ व्हायची आणि नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसतं रान. (आता जाणार असाल तर सायकलचा नाद सोडा. भोसरीहून चाकणची बस पकडा आणि शिफ्ट सुटायच्या वेळा टाळा.) पावसाळा नुकताच सरला होता. चढावर दम लागला तरी तक्रार नव्हती.

आत्या अंगणात डोक्याला हात लावून बसल्या होत्या.

"औत का थांबलंय?" नामदेवने विचारलं.

"भिकाचा बैल नगं मला. त्यो रानात औषध टाकतुया. चार बगळं मेलं."

आत्यांचा एक बैल, शेजारच्या भिकाभाऊंचा एक. जोडी जुळवून दोघांची रानं नांगरायची, ही सावड वीस वर्षांची. औतामागे किडे वेचणारे गायबगळे मरू लागले तसा आत्यांचा संशय भिकाभाऊंवर गेला. बोलणं बंद, अर्धं रान पडून, आणि कांद्याची रोपं लावणीला आलेली.

"माउलीशप्पथ, म्या काय बी टाकलं न्हाई," भिकाभाऊ बांधापलीकडून ओरडले.

मी आपला रानात गेलो. ढेकळांत एक बगळा पंख ढिले सोडून बसला होता, जवळ गेलो तरी उडेना. त्याने मान ताणली, दोन-तीन आचके दिले आणि एक ओला गोळा ओकला. मी काडीने उकलला. आत नाकतोड्यांचे पाय आणि आमच्या वायसरच्या काळ्या पट्ट्या.

उलगडा तिथेच झाला. चुलीपुढचा केर उकिरड्यात, उकिरड्याचं खत रानात, आणि नांगर फिरला की पट्ट्या वर. ओल्या मातीत मलासुद्धा त्या गांडुळासारख्या दिसल्या, तिथे बगळ्यांचा काय दोष!

खरं सांगतो, गोळा पायाने ढेकळाखाली दडपावा असं मनात आलं. भिकाभाऊ माझे कोण लागत होते? पण ते बांधावर उभे राहून माझ्याकडेच बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. मी दोघांना हाक मारली.

"आत्या, विष यांनी टाकलेलं नाही. ते माझ्या पिशवीतून आलंय."

आत्यांनी एक पट्टी बोटांत धरून ताणून बघितली. मग बांधाकडे वळल्या.

"भिका, बैल आण. आन् जेवायला बी ये."

"व्हय वैनी," म्हणत भिकाभाऊ बैल सोडायला वळले.

जेवून चौघांनी दुपारभर रानातल्या पट्ट्या वेचल्या. मला कुणी एक वाकडा शब्द ऐकवला नाही. उलट आत्यांनी ताटात आग्रहाने दुसरी भाकरी वाढली होती. उन्हं कलता कलता बगळा उठला, अडखळत बांधावर गेला आणि उडाला. मी चक्क हात जोडले.

पिशवी परत आणली. कंपनीत साहेबांना सांगून पाहिलं, ते हसले. कात्रणं बाहेर पडतच राहिली. माझ्या हातून मात्र पुन्हा कुठल्या गावात गेली नाहीत, एवढं समाधान.

पुढे कित्येक वर्षं कुरुळीला गेलो की लोक म्हणायचे, "ह्येच ते पावनं, बगळ्यांचा रोग हुडकणारं." तो रोग आणला कुणी, हे आत्यांनी आणि भिकाभाऊंनी गावात कधीच कुणाला कळू दिलं नाही. आता ते दोघंही नाहीत. म्हणून आज मीच सांगतो: तो मी आणला होता.