अप्पांनी शिकवलेला तम्मा

अप्पा घरात आलेले कधी कळायचंच नाही. पेपरातून डोकं वर काढावं, तर समोरच्या खुर्चीत परशुराम अप्पा पाय पसरून बसलेले. "आलो की मघाशीच. तूच बघितलं नाहीस, तम्मा." कन्नडमध्ये तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते धारवाडजवळ केलगेरीला आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हापासून मी त्यांचा तम्मा. त्यांच्या बायकोला, अक्कांना, या सवयीचा भारी राग. "ह्या माणसाच्या गळ्यात घंटा बांधायला पाहिजे," असं त्या अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत. अप्पांना ती शाबासकी वाटे. बढाया मारण्यात त्यांचा हात धरणारा धारवाडात कोणी नव्हता.

मी रायापूरजवळच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. तिथे एक बंदूकधारी यंत्र बनत होतं. वासराएवढं, लोखंडी पट्ट्यांवर चालणारं, स्वतःच माणूस हेरून स्वतःच नेम धरणारं. चाचणीत गोळ्या नसत, नेम बसला की नुसता भोंगा वाजे. त्याच्यासमोर शत्रू बनून येणारा जाणता माणूस हवा होता. मी अप्पांचं नाव सुचवलं. जुना शिपाई नाक मुरडेल, असं मला वाटलं होतं.

"येतो की! आमच्या पोरांच्या जागी लोखंड मरू दे," अप्पा म्हणाले. त्यांच्याच पलटणीतल्या, अळणावरकडच्या एका पोराला तिरंग्यात गुंडाळून त्याच्या आईच्या दारात त्यांनीच पोचवलं होतं. त्या दिवसाची बढाई त्यांनी कधी मारली नाही. विषय निघाला की उठून जात.

पहिल्याच दिवशी त्यांनी यंत्राचं नाव तम्मा ठेवलं. माझी इतक्या वर्षांची पदवी अशी एका लोखंडाला गेली, याचा मला जरा रागच आला. पण अप्पा रंगात होते. बांधाच्या आडून, ज्वारीच्या ताटांतून सरपटत ते यंत्रापर्यंत पोचत आणि त्याच्या पाठीवर थाप मारत. "मेलास की रे, तम्मा!" आमची इंजिनिअर श्रेया हसत म्हणे, "अप्पा, पुन्हा तसंच या. आता हे शिकेल." आणि ते खरंच शिके. पुढच्या खेपेला ताटं हलली की भोंगा. मग अप्पा नवी युक्ती काढत.

सगळ्यात भारी युक्ती कांबळ्याची. सुगी झाली की भीमप्पा नावाचा धनगर शेजारच्या रानात मेंढरं बसवायला येई. अप्पांनी त्याचं काळं कांबळं मागून घेतलं, डोक्यावरून ओढलं आणि वाकून मेंढरांच्या कळपातून चालत थेट यंत्राला हात लावला. कंपनीच्या साहेबांसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी तो खेळ पुन्हा पुन्हा करून दाखवला, कधी लंगडत, कधी कोकरू काखेत घेऊन. शेवटी यंत्र त्यालाही फसेना. त्या संध्याकाळी अप्पांनी आम्हा सगळ्यांना मिरची-भजी खिलवली.

त्यानंतर एका सकाळी आम्ही कुंपणाशी चहा पीत होतो. भीमप्पा कळप घेऊन पलीकडून चालला होता. एक कोकरू मागे राहिलं म्हणून तो वाकला. यंत्राची मान वळली आणि भोंगा वाजला.

आम्ही हसलो. अप्पा हसले नाहीत. भोंगा म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. गोळ्या असत्या तर भीमप्पा तिथेच पडला असता. तो गोंधळून कोकरू छातीशी धरून उभा होता. "यप्पा, नानेन माडीनि?" मी काय केलं, एवढंच तो विचारत होता. अप्पा धावत जाऊन त्याच्यापुढे उभे राहिले. भोंगा वाजतच राहिला.

"बरोबर शिकलंय की," साहेब खूश होऊन म्हणाले. "शत्रू असाच येणार. तुम्हीच दाखवलंत ना?"

अप्पा श्रेयाकडे वळले. "पोरी, तेवढं काढून टाक त्याच्या डोक्यातनं."

"एवढंच वेगळं नाही काढता येत, अप्पा. पुसायचं तर कांबळ्यापासूनचं सगळंच पुसावं लागेल," ती हळूच म्हणाली. तिने मान वर केली नाही.

मग अप्पांनी उलटा अभ्यास सुरू केला. तेच कांबळं पांघरून, दोन्ही हात वर करून ते यंत्रासमोरून रोज फिरू लागले. हा बिनधोक माणूस आहे, एवढं त्याला कळावं म्हणून. हळूहळू यंत्र थांबू लागलं, नेम धरून घुटमळू लागलं. साहेबांनी ते बघितलं आणि सगळं बंद करायला लावलं. बिचकणारं यंत्र कोण विकत घेणार, असा त्यांचा सवाल होता. ते दिवस त्याच्या डोक्यातून पुसून यंत्र पुन्हा आधीसारखं केलं गेलं.

"गोळी मारायला पोरगं पंधरवड्यात शिकतंय," अप्पा म्हणाले. "न मारायला शिकवताना आमचे केस पिकले. बिचकतो तोच शिपाई, साहेब. बाकी सगळे कसाई." दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

यंत्रं ट्रकात चढून उत्तरेला, बर्फाळ सरहद्दीवर गेली. यंत्र धनगरालाही शत्रू समजतं, हे गाऱ्हाणं मी दोन-तीन ठिकाणी घालून बघितलं. कोणी उभं केलं नाही. मला आजही कंपनीच्या फाटकातून आत शिरताना भीती वाटते, आणि तरी मी जातो. अप्पांच्या बढाया मात्र बंद झाल्या. माघात ते गेले.

जाण्याआधी एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "तिकडं बर्फाच्या मुलखात धनगर काय पांघरतात रे?" मला माहीत नव्हतं. मोबाइलवर शोधून एक फोटो त्यांच्यासमोर धरला. डोंगरउतार, मेंढरं, आणि जाड लोकरीचं पांघरूण डोक्यावरून घेऊन कोकराकडे वाकलेला एक म्हातारा.

अप्पांनी फोटोतल्या म्हाताऱ्यावर बोट ठेवलं.

"ह्याला कोण सांगणार रे," ते म्हणाले, "वाकू नकोस म्हणून?"