देवीचे गुडघे

म्हातारी पाण्याखाली गेली आणि वर आली नाही. काठावर चाळीस-पन्नास माणसं उभी होती, एकही उतरलं नाही. मी वर्दीसकट उडी मारली. नोकरीत पुष्कळ पाहिलं, पण तो क्षण अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तीन दिवस आधी एका गावच्या देवळाच्या जीर्णोद्धार समितीचा अध्यक्ष आमच्या ठाण्यात आला होता. गाव पनवेलहून जासईकडे जाताना लागतं, भोवती कंटेनरच कंटेनर. देवीची मूर्ती चोरीला गेल्याची फिर्याद होती. ठाणे अंमलदार मीच होते.

"मुद्देमालाचं वर्णन सांगा."

"दगडाची. परातीएवढी."

"उभी की बसलेली?"

तो टेबलाकडे बघत राहिला. "पडलेली म्हना."

"अंगावर वस्त्र, दागिने?"

"नाय."

"काय नाय?"

"मॅडम, कायच नाय."

देवळाचं कुलूप तुटलेलं नव्हतं. चोर घरचाच. दुसऱ्या दिवशी त्याच गावची एक कोळंबी विकणारी बाई बाजारात मला म्हणाली, "चोर मंग शोधा ताई. देवलात सिमेंटच्या गोनी कशाला आल्यात, ते आधी इचारा."

अध्यक्षाला परत बोलावून समोर बसवला. माणूस गुन्ह्यापेक्षा लाज जास्त जपून लपवतो, म्हणून तासभर गेला. मग बोलला. नव्या देवळाच्या उद्घाटनाला बाहेरचे पाहुणे येणार होते. उघडी देवी त्यांना दाखवायची कशी? समितीने तिला सिमेंटचं लुगडं चढवायचं ठरवलं, वर हिरवा ऑइलपेंट. पण देवीचे गुडघे दोन्हीकडे फाकलेले, लुगडं काही बसेना. तेव्हा गवंड्याला गुडघे छाटायला सांगितलं. तो छिन्नी घेऊन आला, तर मूर्ती गायब.

गावात जुनी सुईण एकच, ऐंशीच्या पुढची. बाळंतपणाला निघण्याआधी देवीच्या पोटाला तेल लावायचं आणि तेच तेल बाळंतिणीच्या पोटाला चोळायचं, ही तिथली रीत, म्हणून देवळाची एक किल्ली तिच्याकडे असे. आता बायका दवाखान्यात जातात, पण तेल तिच्याकडून घेऊनच. मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले.

"आजी, मूर्ती कुठाय?"

"तुला पोरं किती?"

"दोन."

"मंग, अंगावर कपरे घालून जलमली का?"

एवढं बोलून ती उठून आत गेली. निघताना देवळापुढच्या तळ्याकडे पाहिलं. पायऱ्यांच्या कोपऱ्यात, एकाच जागी, पाण्यावर तेलाचा तवंग होता. दगडात पिढ्यान्पिढ्या मुरलेलं तेल वर येत होतं.

मी पंच बोलावले. अध्यक्षही माणसं घेऊन आला. "काढा भायेर, गवंडी हितंच हाय," म्हणाला. गर्दीतून म्हातारी अध्यक्षापुढे आली.

"तुला मीच ओढून काढला मेल्या! उघडाच व्हतास तवा. लाजलास का?"

माणसं हसली. तोवर ती पायऱ्या उतरून गळाभर पाण्यात गेली होती. मग दिसेनाशी झाली.

खाली मला तिचे हात सापडले. मूर्तीभोवती घट्ट. सोडवता येईनात, म्हणून दोघींना एकदमच ओढलं.

गावातल्या नर्सबाई म्हातारीच्या पोटातलं पाणी काढत होत्या, तेव्हा माझी नजर मूर्तीवर गेली. डोकं नाही, मानेच्या जागी कमळ. पोट भरलेलं, पाय पसरलेले, अंगावरून पाणी ओघळतंय. उघडं शरीर मी आजवर कागदावर दोनच तऱ्हेने लिहिलं होतं, मयत नाहीतर पीडित. हे तिसरंच होतं. ज्याने घडवलं त्याने बाळंतीण जवळून पाहिली असणार आणि मान फिरवली नसणार. किती पिढ्यांमागचा तो माणूस, पण त्याला जे दिसलं ते आम्हा काठावरच्यांना पाहवत नव्हतं. एका बाईने चपला काढल्या. मग दुसरीने. मीही ओले बूट काढले. गवंड्याने छिन्नी पिशवीत घातली.

पुढे पुरातत्त्व खात्याचे साहेब आले, मूर्तीला कोणी हात लावायचा नाही असं लेखी देऊन गेले. चोरीचा गुन्हा टिकला नाही. मी मात्र त्यानंतर बाईच्या देहाचा पंचनामा कधी नजर चुकवून लिहिला नाही. आधी नीट बघितलं, मग लिहिलं.

देवी देवळात आहे, गुडघ्यांसकट. म्हातारी चार दिवस सरकारी दवाखान्यात होती. वाचली.