कार्बुरेटर तर पेपरवर होता

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की चहा अर्धा टाकून उठणारा माणूस आहे मी. हुमनाबादला फिजिक्स शिकवतो... त्यामुळे हे लिहिताना माझीच मला चीड येतेय. पण लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही.

आमचं घर जनवाड्याला. थोरले भाऊ, आमचे अण्णा, काविळीने गेले तेव्हापासून त्यांची मोटरसायकल मागच्या खोलीत तुरीच्या पोत्यांआड उभी. यंदा पुतणीला कडगंचीच्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळाली. वहिनींचं मन काही ठरेना. एकीकडे हॉस्टेल, दुसरीकडे बघून गेलेलं एक स्थळ.

"भाऊजी, त्यांची गाडी चालू करा," त्या म्हणाल्या. "चालू झाली तर पोरीला धाडते. न्हाई झाली तर स्थळाला व्हय म्हणते."

लोक देवाला कौल लावतात, यांनी गेलेल्या नवऱ्याला लावला, तोही गाडीवर. "वहिनी, अण्णा काय इंजिनात बसलेत व्हय?" मी वैतागून म्हटलं.

"जमत न्हाई तर तसं सांगा की सरळ."

पुतणीच्या तोंडाकडे बघून पाने-पक्कड घेऊन बसलो. नवा प्लग, नवं पेट्रोल... किका मारून मारून पोटरी भरून आली. गाडी ढिम्म.

"न्हाई म्हणायलेत ते," वहिनी म्हणाल्या. पुतणी ॲडमिशनचं पत्र घडी घालून ठेवायला लागली, आणि तेच मला सोसेना. म्हटलं थांबा, अजून कार्बुरेटर बघायचाय. टाकी रिकामी केली, कार्बुरेटर काढून, खोलून पेपरवर मांडला. तेवढ्यात वहिनींनी जेवायला हाक मारली.

पहिला घास हातात होता... आणि मागच्या खोलीतून इंजिनचा आवाज आला. अण्णा रेस करून ठेवायचे ना, तसाच. तिघंही उष्ट्या हाताने धावलो. दारात पोचेपर्यंत आवाज बंद. कार्बुरेटर पेपरवर तसाच सुटा पडलेला — आणि खोलीत धूर. वहिनींनी सायलेन्सरवर हात ठेवला नि झटक्यात मागे घेतला. तळवा चांगलाच भाजला होता.

"बॅग भर," त्या पोरीला म्हणाल्या.

नंतर मी कार्बुरेटर साफ करून बसवला, बिदरहून मेकॅनिक आणला. गाडी आजतागायत चालू झालेली नाही. पुतणी हॉस्टेलला आहे, मजेत आहे. मीच तेवढा वर्गात शिकवता शिकवता मधेच अडखळतो. भास म्हणावा तर तो भाजलेला हात?

त्या दिवशी मी पळत जाऊन मलम आणलं होतं. वहिनींनी लावू दिलं नाही.

"ऱ्हाऊ द्या भाऊजी," म्हणाल्या, "लई वर्सांनी त्यांचा हात लागलाय."