एका हाताचा नादकाटा

माझी मोठी जाऊ दिवसातून एकदा स्वतःचा उजवा हात पट्ट्यानं कमरेला बांधून घेते. पट्टा माझ्या नवऱ्याचा, जुना. घरी पहिल्यांदाच आलेला माणूस हे दृश्य बघून दारातच थबकतो. बाई खिडकीपाशी टेबलाला बसलेली, उजवा हात जेरबंद, डाव्या हातात दोन पात्यांचा पोलादी काटा आणि तोंडात त्या काट्याला घातलेल्या शिव्या. मग मला सांगावं लागतं की आमच्याकडे सगळं ठीक आहे, ती फक्त माल तपासते आहे.

हे काटे म्हणजे नादकाटे. शाळेत विज्ञानाच्या तासाला बघितलेला असतो तोच. दोन पाती, खाली दांडी, रबरावर आपटला की गुणगुणतो. कंपनांचे उपचार करणारी मंडळी तो वाजवतात आणि दांडीचं बूड खांद्यावर, कोपरावर, मनगटाच्या हाडावर टेकवतात. बारीक थरथर आत उतरते, आखडलेलं अंग सैल झाल्यासारखं वाटतं. यानं रोग बरे होतात का, असं कुणी विचारलं की जाऊबाईंचं उत्तर ठरलेलं. "बरं होत नाही, बरं वाटतं. ज्याला फरक कळत नाही त्यानं आधी डॉक्टरकडे जावं." अशानं धंदा कसा व्हायचा ते तुम्हीच सांगा.

लग्नाआधीपासून ती शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या कारखान्यात होती. बायकांनी चिमटे पुसायचे, पॅक करायचे, अशी तिथली रीत. हिनं कानस हातात घेतली ती परत ठेवलीच नाही. फोरमन ओरडला, साहेबांकडे तक्रार गेली, हिचा जबाब एकच, "आधी चिमटा बघा, मग मला काढा." काढलं नाही. पुढं कारखाना दुसऱ्या गावी हलला तेव्हा ती लोखंड पकडायचा व्हाइस आणि घासायचा ग्राइंडर विकत घेऊन घरी आली आणि जेवायच्या टेबलाचा खिडकीकडचा अर्धा भाग तिनं बळकावला. तेव्हापासून आम्ही उरलेल्या अर्ध्यावर दाटीवाटीनं जेवतो. मोडेन पण वाकणार नाही, हा तिचा बाणा. मी तिला चिडवते, "ताई, तुमचे काटे तुमच्यापेक्षा शहाणे. ते वाकतात पण मोडत नाहीत."

पण नादकाट्यांच्या नादाला ती लागली ती सासूबाईंमुळे.

सासूबाई शाळेत व्यायाम शिकवायच्या. एका शिट्टीत अख्खं मैदान सरळ रांगेत उभं करणारी बाई. त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीभ वाचली, किंबहुना तिला धार चढली, पण उजवा हात गेला. काठी धरून चालता येई. हात मात्र अंगाला कुणी दुसऱ्याचा शिवल्यासारखा लोंबायचा. आणि मग सुरू झाली सेवा. कुणी केस विंचरतंय, कुणी कूस बदलतंय, कुणी तोंड पुसतंय. सगळं प्रेमानं, आणि सगळं न विचारता. सासूबाई छताकडे बघत पडून राहायच्या. मला ते बघवत नसे.

कुणीतरी कंपन उपचाराचं केंद्र सुचवलं. स्वच्छ खोली, मंद दिवा, हळू बोलणारी मुलगी. तिनं काटा वाजवून सासूबाईंच्या कोपरावर टेकवला आणि त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, चला, काहीतरी आवडलं. बाहेर पडून गाडीत बसल्याबरोबर त्यांनी तोफ डागली.

"छान होतं. पण मला खांद्यावर हवं होतं, ती कोपरावर लावत बसली. कोपरावर बरं वाटायला लागलं तर उचललं. मी काय टेबल आहे?"

"आई, तिला सांगायचं ना," जाऊबाई म्हणाली.

"किती सांगू? दिवसभर सांगतच असते. पाणी द्या, पाय सरकवा, दार लोटा." मग म्हणाल्या, "तू हत्यारं बनवतेस ना? मला माझं मला वाजवता येईल असं काहीतरी कर. माझ्या अंगाचं एक तरी काम माझ्या हातात राहू दे."

घरी पोचल्याबरोबर जाऊबाईनं कानस उचलली.

काटा वाजवायला दोन हात लागतात. एकात काटा, एकात रबरी हातोडी. तिनं मुठीत खटक्याची हातोडी बसवून पाहिली, ती थरथरीबरोबर खडखडायला लागली. गुडघ्यावर आपटून पाहिला, तर सासूबाईंच्या गुडघ्याला काळानिळा डाग पडला. शेवटी सुचलं ते सोपं होतं. दांडी तीन बोटांनी मुठीत धरायची, अंगठा आणि तर्जनीनं पाती चिमटून एकदम सोडायची. पण पोलादाची पाती, चिमटायला पैलवानाची बोटं हवीत. पाती सरसकट बारीक करावी तर नाद लगेच विझायचा. इथेच घोडं पेंड खात होतं.

त्यातच एका दुपारी थोरले दीर, म्हणजे जाऊबाईचे यजमान, जेवताना बोलून गेले, "एवढा खटाटोप कशाला? आईला चार माणसं आहेत करायला." उचलली जीभ लावली टाळ्याला. जाऊबाई ताटावरून उठली, ग्राइंडर लावला आणि रागाच्या भरात ती चूक केली जी तिच्या धंद्यातलं माणूसच करू शकतं. घासून तापलेला काटा जरा खालच्या सुरात बोलतो. म्हणून घासला की थंड होऊ द्यायचा, मगच सूर तपासायचा, हा पहिला धडा. तिनं तो गरमच वाजवला, सूर उतरलेला वाटला म्हणून शेंडे घासले. थंड झाल्यावर सूर चढलेला. सूर उतरवायला बेचक्यात, म्हणजे पाती जिथे फुटतात तिथे, घासावं लागतं. तिथे घासलं ते डोक्यात राख घालूनच, जरुरीपेक्षा कितीतरी जास्त. शेंडे, बेचकं, पुन्हा शेंडे. डुगडुगत्या टेबलाचे पाय एकेक करून कापावेत तसं चाललं होतं. संध्याकाळी बेचक्याजवळची काट्याची मान सुतळीएवढी झाली होती आणि आवाज ठरल्यापेक्षा पार ढाला, म्हणजे खाली उतरलेला. "गेला कामातून!" म्हणून तिनं तो भंगाराच्या डब्यात फेकला.

सासूबाई टेबलाच्या टोकाला बसून होत्या. त्यांनी डाव्या हातानं डबा ओढला आणि काटा काढून चिमटला.

तो गुणगुणला. खोल, घुमणारा आवाज. त्यांनी दांडीचं बूड उजव्या मनगटाच्या हाडावर टेकवलं आणि विझेपर्यंत धरून ठेवलं. पुन्हा चिमटला, खांद्यावर ठेवला. पुन्हा चिमटला, गालाच्या हाडावर ठेवला आणि चक्क हसल्या. जाऊबाईनं डोळे पुसले आणि ग्राइंडरची धूळ गेली म्हणून मलाच रागावली.

पुढं तिनं त्या चुकीचीच नीट रचना केली. मान बारीक, शेंड्यांना स्क्रूनं आवळलेली छोटी वजनं, म्हणजे नाद टिकतो. मुठीला मी शिवलेलं कातड्याचं वेष्टण, म्हणजे दांडी घसरत नाही.

बातमी केंद्रात पोचली आणि मालकीणबाई स्वतः घरी आल्या. चहा झाला, काट्याची तोंडभर स्तुती झाली. त्यांना बरेच काटे हवे होते, त्यांच्या सगळ्या शाखांसाठी. फक्त एक बदल. मान जाड ठेवायची, हातोडीनं वाजेल अशी. आणि चिमटायचा काटा जाऊबाईनं यापुढं कुणालाही द्यायचा नाही.

"का?" जाऊबाईनं विचारलं.

"चुकीच्या जागी लावला तर? प्रशिक्षित हातातच बरा."

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवता? घरी वाजवता आला तर तुमच्याकडे कोण येणार, असंच ना?"

थोरल्या दिरांनी तिला डोळ्यांनी दटावलं. एवढं मोठं काम चालून आलेलं, त्यांचा जीव खालीवर होत होता. मालकीणबाई मात्र हसत होत्या. "तसं नाही हो. आता काकूंचंच बघा," असं म्हणून त्या उठल्या आणि सासूबाईंच्या हातातला काटा घ्यायला गेल्या. सासूबाईंनी मूठ उघडली नाही.

"आधी तू हात दे," त्या म्हणाल्या.

बाईंनी कौतुकानं हात पुढे केला. सासूबाईंनी काटा चिमटून त्यांच्या मनगटावर टेकवला. बाईंचा चेहरा सैलावला, आणि तेवढ्यात सासूबाईंनी काटा उचलला. पुन्हा चिमटला, कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे झिणझिण्या येतात नेमक्या तिथे दाबला.

"अहो, तिथे नको!" बाईंनी झटकन हात मागे घेतला.

"बघ," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तू हात काढून घेतलास. माझा मला काढून घेता येत नाही."

मालकीणबाई कोपर चोळत उभ्या राहिल्या. वाईट बाई नव्हती ती, जरा ओशाळलीही. पण अट काही मागे घेतली नाही, "विचार करून कळवा," म्हणाली.

"विचार झाला," जाऊबाई म्हणाली. "हातोडीचे हवे तेवढे देते. पण हाही बनवणार, आणि मागेल त्याला देणार. चालत असेल तर चहा अजून एक घ्या, नसेल तर दार उघडंच आहे."

बाई दारानं गेल्या. काम गेलं. थोरले दीर बडबडले, "हात दाखवून अवलक्षण!" जाऊबाईनं पट्टा काढला, उजवा हात कमरेला बांधला आणि पुढचा काटा तपासायला घेतला. डाव्या हातानं नीट वाजेना, तशी तिनं त्याला एक कचकचीत शिवी घातली आणि पुन्हा कानस उचलली.

सासूबाईंनी काटा गाऊनच्या खिशात टाकला, त्या काठी टेकत उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. सवयीनं मी मागोमाग निघाले, त्यांना पलंगावर बसवायला. त्यांनी वळून माझ्याकडे नुसतं पाहिलं, मैदानावर पोरांकडे बघत असतील तसं. मी जागच्या जागी उभी राहिले. काठी भिंतीला टेकवून त्यांनी डाव्या हातानं दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून तो ढाला आवाज यायला लागला. थांबायचा, पुन्हा यायचा. तो आता कुठं टेकवलाय, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.